ड्यू पाँड: इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवरची मेंढरांची तळी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दक्षिण इंग्लंडमधल्या डाउन्स नावाच्या टेकड्यांच्या माथ्यावर ओढा नाही, झरा नाही. विहीर खणायची म्हटली तर खूप खोल जावं लागेल. तरीही तिथे परातीसारखी गोल, उथळ तळी दिसतात आणि त्यांत पाणीही असतं. यांना ड्यू पाँड, म्हणजे दवाची तळी म्हणतात. या नावाने गेली शंभर-सव्वाशे वर्षं लोकांना चकवलं आहे. म्हणून या पानावरचा निम्मा मजकूर दवाबद्दलच आहे.

ही तळी नेमकी कुठे आहेत?

मुख्यतः ससेक्समधल्या साउथ डाउन्सवर आणि विल्टशरमधल्या मार्लबरो डाउन्स व सॉल्सबरी प्लेन भागात. हॅम्पशर, बर्कशर आणि केंटमधल्या खडूच्या टेकड्यांवरही आहेत. उत्तरेला डर्बीशरमध्ये चुनखडीच्या पठारावर अशीच तळी आहेत. तिथे त्यांना मिअर म्हणतात आणि अनेकांना दगडी फरसबंदी केलेली असते. तो जरा वेगळा प्रकार आहे. इथे आपण खडूच्या टेकड्यांवरच राहू.

माथ्यावर पावसाचं पाणी आपोआप का साचत नाही? तिथे पाऊस तर भरपूर पडतो.

पडतो. साउथ डाउन्सवर वर्षाला साधारण ८०० ते १००० मिलिमीटर. अडचण खडकाची आहे. चॉक, म्हणजे खडूचा खडक, क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून बनला आहे. त्यात बारीक छिद्रं आणि भेगा इतक्या की पाऊस जमिनीवरून वाहण्याऐवजी जागच्या जागी मुरतो. मुरलेलं पाणी टेकडीच्या पोटातून उतरत जातं आणि पायथ्याशी, जिथे चॉकखाली पाणी न झिरपणारी माती लागते, तिथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. डाउन्सच्या पायथ्याशी जुनी गावं एका ओळीत वसलेली दिसतात, ती या झऱ्यांच्या ओढीने. काही दऱ्यांमध्ये भूजल वर चढलं की हिवाळ्यात तेवढा ओढा वाहतो आणि उन्हाळ्यात गायब होतो. अशा ओढ्यांना तिथे विंटरबोर्न म्हणतात.

थोडक्यात, टेकडीत पाणी मुबलक आहे, फक्त ते मेंढरांच्या तोंडापर्यंत येत नाही. आग्नेय इंग्लंडमधल्या लोकांचं पिण्याचं पाणी मोठ्या प्रमाणात याच चॉकमधून उपसलं जातं.

मग मेंढरं खाली झऱ्यावर का नेत नसत?

नेता आली असती. पण दिवसाच्या मध्यावर कळप शंभर-दीडशे मीटर खाली उतरवायचा आणि पुन्हा वर चढवायचा, यात चरण्याचा वेळ जातो आणि अंगावर धरलेलं मांस झडतं.

शिवाय तिथली शेतीच या फेऱ्यावर उभी होती. दिवसा मेंढरं माथ्यावरच्या आखूड गवतावर चरायची आणि संध्याकाळी खालच्या गव्हा-बार्लीच्या शेतात कुडाच्या वाड्यात कोंडायची. आपल्याकडे शेतकरी धनगरांना बोलावून शेतात मेंढरं बसवतो ते ज्यासाठी, त्याचसाठी: लेंडीखत. खडूवरची माती पातळ, आणि त्या काळी खताची पोती नव्हती. माथ्यावरचं गवत खालच्या शेतापर्यंत पोचवायचं वाहन म्हणजे मेंढी. तिला वर दिवसभर ठेवायची तर पाणीही वरच हवं. ग्लिंड गावच्या जॉन एलमन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस साउथडाउन ही मेंढीची जात घडवली, ती याच व्यवस्थेत.

पुढे सामाईक गायरानांना कुंपणं पडली, जमिनी वाटल्या गेल्या, तेव्हा ज्याच्या वाट्याला जुनं तळं आलं नाही त्याला स्वतःचं तळं बांधावं लागलं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात तळ्यांची संख्या वाढली त्याचं हे एक मोठं कारण.

मुद्द्याचा प्रश्न: ही तळी खरंच दवाने भरतात का?

नाही. पावसाने भरतात.

दव पडण्यासाठी पृष्ठभाग आसपासच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्याहून, थंड व्हावा लागतो. गवताचं पातं रात्री झटकन निवतं, कारण त्यात उष्णता साठवायला जागाच नसते. पाण्याचं उलट असतं. दिवसभर तापलेलं तळं रात्री सावकाश निवतं आणि बहुतेक वेळा शेजारच्या गवताहून उबदार राहतं. म्हणून काठावरचं गवत चिंब असतं आणि तळ्याच्या पाण्यात काहीही भर पडत नाही. उलट अशा रात्री उबदार पाण्याची वाफच होत राहते.

दुसरी अडचण हिशेबाची. एक लिटर वाफेचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती आकाशाकडे जावी लागते. निरभ्र रात्री जमीन जेवढी उष्णता टाकू शकते, तिला मर्यादा आहे. त्यामुळे उत्तम परिस्थितीतही एका रात्रीत दव मिलिमीटरच्या अंशातच पडतं. इंग्लंडमध्ये वर्षभराचं दव गोळा केलं तरी ते वीस-तीस मिलिमीटरच्या आसपास भरतं. त्याच माथ्यावर पाऊस पडतो ९०० मिलिमीटर.

पण मग ही दवाची कल्पना आली कुठून?

उन्हाळ्यात खालची तळी आटलेली आणि वरची भरलेली, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. सेलबोर्नचा पाद्री आणि निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट याने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रांत याची नोंद केली आहे. १७७५ च्या मे महिन्यातल्या अवर्षणात दरीतली लहान तळी कोरडी पडली होती, टेकडीवरच्या तळ्यांना मात्र विशेष काही झालं नव्हतं. व्हाइटला रात्रीच्या धुक्याचा आणि दवाचा संशय आला. त्याने तो संशय म्हणूनच मांडला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

१९०५ च्या सुमारास आर्थर आणि जॉर्ज हबर्ड या भावांनी मात्र एका पुस्तकात त्याचा सिद्धान्तच केला. ही तळी नवाश्मयुगीन माणसांनी बांधली. तळाशी काड घातलं की ते जमिनीची उष्णता अडवतं, वरची माती थंड राहते आणि रात्री हवेतलं पाणी तिच्यावर जमतं, असा त्यांचा दावा. ऐकायला फारच सुरेख. वर्तमानपत्रांना, कवींना आणि पर्यटकांना तो अर्थातच आवडला. पुढच्या दशकात एडवर्ड मार्टिन याने तळ्यांवर रात्री थर्मामीटर घेऊन बसून मोजमापं केली. पाणी दव पडण्याइतकं थंड जवळजवळ कधीच होत नाही, असं त्याला आढळलं. मात्र तोवर दवाचं नाव घट्ट बसलं होतं.

दव नाही, पण धुकं तरी?

थोडं, तेही झाड असेल तर. समुद्राकडून येणारं धुकं पानांवर आदळतं, थेंब होतात आणि खाली ठिबकतात. तळ्यावर झुकलेल्या झाडाचा असा फायदा होतो, व्हाइटनेही झाडांबद्दल हे लिहिलंय. पण बहुतेक ड्यू पाँड उघड्या माळावर आहेत. उघड्या पाण्यावरून धुकं नुसतं सरकून जातं. आणि झाड जवळ असलं की त्याची मुळं तळाची माती फोडतात, ते नुकसान धुक्याच्या थेंबांपेक्षा मोठं.

नुसत्या पावसावर एवढ्या मेंढरांचं भागतं का? हिशेब दाखवा.

समजा, अस्तर केलेल्या, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून चोपलेल्या मातीचा थर दिलेल्या, खळग्याचा व्यास २० मीटर आहे. क्षेत्रफळ झालं ३१४ चौरस मीटर. ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला सुमारे २ लाख ८० हजार लिटर पाणी त्यात पडतं.

आता खर्च. खळगा काठोकाठ भरलेला नसतो, पाण्याचा व्यास सरासरी १५ मीटर धरू. दक्षिण इंग्लंडमध्ये उघड्या पाण्यावरून वर्षाला ६०० ते ७०० मिलिमीटर बाष्पीभवन होतं, म्हणजे साधारण १ लाख १५ हजार लिटर गेले. कोरड्या काठावर पडलेल्या पावसातला निम्मा काठच पिऊन टाकतो असं समजू, ते साठ हजार. उरले एक लाख लिटर. दोनशे मेंढ्या, दर मेंढीला ३ लिटर, आणि खरी तहान लागते असे १२० दिवस: ७२ हजार लिटर. भागलं.

१२० दिवसच का, असं विचाराल. ओलं गवत खाणारी मेंढी फारसं पाणी पितच नाही. इथे दवाचा खरा उपयोग आहे: ते तळ्यात पडत नाही, गवतावर पडतं आणि मेंढीच्या पोटात जातं.

आणि या हिशेबात तळ्यातलं दव किती? वर्षाचं ३० मिलिमीटर धरलं आणि पाण्यासकट सगळ्या खळग्यावर दव पडतं असं क्षणभर मानलं, तरी नऊ-साडेनऊ हजार लिटर. काठ पितो त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकं.

इथेच पाण्याचा पसरट आकार आणि अस्तराचा रुंद काठ कामाला येतात. पाण्याभोवतीचा कोरडा पण न झिरपणारा पट्टा हेच या तळ्याचं पाणलोट क्षेत्र. पाणी उतरलं की पट्टा रुंद होतो आणि बाष्पीभवन होणारा पृष्ठभाग लहान होतो. तळं जितकं रिकामं, तितकं ते पुढच्या पावसात झपाट्याने भरतं.

व्हाइटच्या तळ्याचा आकडा या हिशेबात बसतो का?

बसत नाही, आणि म्हणूनच तो तपासण्यासारखा आहे. त्याने वर्णन केलेलं तळं तीस फूट व्यासाचं आणि मध्यावर तीन फुटांहून अधिक खोल नाही. त्यावर तीन-चारशे मेंढ्या आणि वर किमान वीस गुरं. तीस फूट व्यासावर वर्षाचा सगळा पाऊस धरला तरी साठ हजार लिटरच्या आसपास होतो. वीस गुरं दिवसाला ४० लिटरप्रमाणे ८०० लिटर पितात. एकटी गुरंच अडीच महिन्यांत वर्षाचा पाऊस संपवतील, मेंढ्यांचं तर नावही घेतलं नाही. व्हाइट थापा मारणारा माणूस नव्हता. बहुधा सगळी जनावरं रोज तिथे येत नसावीत, किंवा आजूबाजूच्या उतारावरून तळ्यात पाणी येत असावं. यासाठी दवाला बोलावून उपयोग नाही. वर पाहिलंच, तेवढं दव आकाशात नाही.

तळं बांधायचे कसे?

पद्धती प्रांताप्रांताने बदलतात. विल्टशरच्या पद्धतीचा सांगाडा असा:

आधी जागा. माथ्यावरची किंवा माथ्याजवळची, शक्यतो किंचित खोलगट. मग ताटलीसारखा गोल खड्डा, कडा कुठेही उभी नाही. उभ्या कडेवर चिखल टिकत नाही आणि मेंढी घसरून आत अडकते.

मग माती, आणि खरं कसब इथे आहे. चिकणमाती अनेकदा पायथ्याहून गाडीने वर आणावी लागे. ती पाणी मारून तुडवायची, कधी माणसांनी, कधी घोडे किंवा बैल गोल गोल फिरवून, भातखाचरातल्या चिखलणीसारखी. तिच्यातला प्रत्येक खडा आणि हवेचा प्रत्येक फुगा निघाला पाहिजे. मग ती खड्ड्यात पसरून धुमसाने चोपायची आणि फावड्याच्या पाठीने घोटायची. ओली चिकणमाती चोपली की तिचे कण एकमेकांवर पत्त्यांसारखे बसतात आणि पाण्याची वाट बंद होते. ती वाळली की आक्रसते, तडकते आणि सगळं मुसळ केरात. त्यामुळे चोपलेला भाग उन्हावाऱ्यात उघडा ठेवून चालत नाही.

मातीवर चुना. तो मुख्यतः गांडुळांसाठी. गांडुळाने मातीतून आरपार एक बीळ केलं तरी तळं गळायला लागतं. चुन्याचा थर लागला की गांडूळ मागे फिरतं. चुन्यावर काड, आणि काडावर खडूचे तुकडे किंवा मुरूम, म्हणजे जनावराचा खूर थेट मातीवर पडत नाही.

ससेक्समध्ये काही ठिकाणी चिकणमाती न वापरता खडूच वापरत. चॉक फोडून, भिजवून, रुंद चाकांच्या गाड्या त्यावरून फिरवून त्याचा लगदा करायचा. नीट झाला तर तोही पाणी धरतो. ज्या खडकातून पाणी पळतं त्याच खडकाने ते अडवायचं, ही मला यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते.

बांधून झालं की पहिलं पाणी आभाळाच्या भरवशावर सोडत नसत. शक्यतो काम हिवाळ्यात संपवायचं आणि पडलेला बर्फ ओढून खड्ड्याच्या मध्यात ढीग करायचा.

मग काड नेमकं कशासाठी? उष्णतारोधक नाही का?

कोरडं असेल तर आहे. तळ्याच्या तळाशी भिजलेलं काड काहीही रोधत नाही. त्याचं काम साधं: पाणी भरेपर्यंत माती ओली ठेवायची आणि वरचा मुरूम मातीत रुतू द्यायचा नाही. गवंडी ताज्या स्लॅबवर ओली पोती घालतो, त्याच जातीची ही गोष्ट. हबर्ड बंधूंनी एखाद्या तळे-बांधणाऱ्याला शांतपणे विचारलं असतं तर पुस्तक पातळ झालं असतं.

बांधणारे कोण होते?

फिरत्या टोळ्या. विल्टशरमधलं सॉल्सबरी प्लेनवरचं इंबर हे गाव यासाठी प्रसिद्ध होतं. सुगी आटोपली की सप्टेंबरमध्ये तिथली माणसं बाहेर पडत आणि वसंतापर्यंत तळी बांधत फिरत, थेट केंटपर्यंत. थंडी-पावसाचे महिने त्यांनी आवडीने निवडले नसणार. ओल्या हवेत माती तडकत नाही, आणि शेतमजुराला त्याच दिवसांत दुसरं काम कमी. मातीचं मिश्रण आणि थरांचा क्रम घराण्यात राही, बाहेर फारसा सांगत नसत. दवाच्या कथेला या गुप्ततेनेही हातभार लावला असेल.

१९४३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सैन्याच्या सरावासाठी इंबर रिकामं करण्यात आलं. गावकऱ्यांना परत येऊ दिलं नाही, आजही तो भाग लष्कराकडे आहे.

ही तळी किती जुनी आहेत?

आज दिसणारी बहुतेक दोन-तीनशे वर्षांतली. नवाश्मयुगाचा दावा टिकलेला नाही. पण कल्पना जुनी आहे: विल्टशरमधल्या मिल्क हिलवरच्या ऑक्सनमिअर तळ्याचा उल्लेख इ.स. ८२५ च्या सनदेत सीमाखूण म्हणून येतो. मात्र तेव्हा त्याचं अस्तर कशाचं होतं, हे सनद सांगत नाही. शिवाय दर काही दशकांनी तळं उकरून नवं अस्तर केलं जाई. अशा तळ्याचं वय कसं मोजायचं, हाही प्रश्नच आहे.

“कधीच आटत नाहीत” हे खरं का?

आटतात. कोरड्या उन्हाळ्यात बरीच आटतात. जी गळली ती बुजली आणि विसरली गेली, जी टिकली त्यांची कीर्ती झाली. टिकलेल्यांमागे कोणीतरी दर वर्षी गाळ काढत होता, काठाच्या भेगा बुजवत होता, रोपटी उपटत होता.

वापर का थांबला?

नळ आला. माथ्यापर्यंत पाइप आणि पत्र्याची डोणी पोचल्यावर तळ्याची डागडुजी कोण करणार? त्याआधीच मेंढ्या कमी होऊ लागल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात धान्यासाठी डाउन्सचे मोठे पट्टे नांगराखाली गेले, काही भागांवर रणगाडे फिरले. बिनमेंढ्यांच्या माळावर झुडपं माजली आणि मुळांनी उरलेलं काम केलं.

आता दुरुस्ती करताना माती वापरतात की प्लास्टिक?

दोन्ही, आणि यावर वाद आहे. विसाव्या शतकात काही तळ्यांना काँक्रीट केलं, ते थंडीत तडकलं. आता बऱ्याच ठिकाणी रबरी किंवा प्लास्टिकची शीट घालून वर माती टाकतात. माझं मत: एखाद-दुसरं तळं तरी जुन्या रीतीने चोपून करावं, नाहीतर धुमस धरणारे हातच उरणार नाहीत. पण शेतकऱ्याला पुढच्या उन्हाळ्यात पाणी हवं असेल तर शीट घालणाऱ्याला नावं ठेवू नयेत.

आज तिथे पाणी कोण पितं?

काही ठिकाणी मेंढ्या आणि गुरं अजूनही पितात, कारण दुर्मीळ रानफुलांचं आखूड गवत राखायला चराई लागतेच. बाकी चंडोल, वटवाघळं, चतुर आणि न्यूट हा पालीसारखा दिसणारा उभयचर. मोठा तुरेवाला न्यूट ब्रिटनमध्ये कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे जुनं तळं उपसण्याआधी तो आहे का ते तपासावं लागतं. मासे सोडायचे नाहीत, ते न्यूटची अंडी आणि पिल्लं फस्त करतात.

असं तळं महाराष्ट्रात चालेल का?

जसंच्या तसं नाही. पाऊस बाष्पीभवनाहून जास्त, आणि तो बाराही महिने थोडा थोडा, या दोन गोष्टींवर हे तळं जगतं. सोलापूर-नगरकडे बाष्पीभवन पावसाच्या कितीतरी पट आहे आणि पाऊस चार महिन्यांत आटोपतो. उथळ, पसरट तळं तिथे दिवाळीनंतर फार टिकणार नाही. आपल्या गडांवरची कातळात खोदलेली टाकी खोल आणि अरुंद तोंडाची, काही तर खांबांवर छत राखून आत पोखरलेली, ती याच कारणाने. ओढा नसलेल्या माथ्यावर पावसाचंच पाणी धरायचं, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

इंग्लंडमध्ये राहतो/राहते. बघायला कुठे जावं?

साउथ डाउन्स वे ही विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशी सुमारे १६० किलोमीटरची पायवाट माथ्यावरून जाते आणि वाटेत अनेक तळी लागतात. ब्रायटनजवळचं डिचलिंग बीकन (२४८ मीटर) सोपं. तिथून पश्चिमेला चाललात तरी तळी दिसतील. चँक्टनबरी रिंगजवळचं तळंही चांगलं राखलेलं आहे. शेजारीच लोहयुगीन तटबंदी आणि १७६० मध्ये लावलेली बीचची राई आहे. १९८७ च्या वादळात तिच्यातली बहुतेक झाडं पडली, आता नवी उभी आहेत. भर उन्हाळ्यात गेलात आणि तळाशी नुसता तडकलेला चिखल दिसला, तर तोही पाहून घ्या. अस्तर तेव्हाच नीट दिसतं.

कुत्र्याला पाण्यात उतरू दिलं तर चालेल?

नाही. नखांनी अस्तर फाटतं, आणि पिसवांसाठी अंगावर लावलेलं औषध पाण्यात उतरून त्यातले किडे मारतं. पट्टा बांधा आणि पिण्याचं पाणी घरून न्या.